आधी जमले, मग मानू लागले

प्रश्न असा आहे: "धर्म माणसाच्या भीतीतून जन्मला, असं लहानपणापासून ऐकलं. आता समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचतोय की धर्माचा उगम समाजात आहे. म्हणजे काही चतुर लोकांनी बसून तो रचला आणि बाकीच्यांच्या गळ्यात मारला, असं समजायचं का? आणि मग पहिला धर्म कोणता?"

हा विषय मी पंचवीसेक वर्षं शिकवते आहे. 'चतुर लोकांनी रचला' हे वाक्य दर वर्षी पहिल्याच आठवड्यात वर्गात कुणीतरी बोलतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लबाड पुरोहित आणि भोळी जनता ही जोडी अठराव्या शतकातल्या युरोपीय विचारवंतांच्या फार आवडीची होती. गंमत अशी, की त्याच शतकाच्या शेवटी या कल्पनेची एक झकास चाचणीही होऊन गेली.

1794 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने चक्क ठराव करून जाहीर केलं, की फ्रेंच जनता परमेश्वरी सत्तेचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते. ठरावामागे रोबेस्पिएर होता, त्या घडीचा देशातला सर्वांत वजनदार माणूस. 8 जूनला पॅरिसमध्ये मोठा उत्सव झाला, त्याची आखणी दाविद या नामांकित चित्रकाराने केली होती. नास्तिकतेचा पुतळा जाळायचा आणि त्याच्या आतून शहाणपणाची मूर्ती प्रकट व्हायची, अशी योजना. मूर्ती प्रकट झाली, पण काजळीने माखलेली. पुढे मैदानात कृत्रिम डोंगर उभारला होता, गाणारे होते, फुलं होती. नव्या धर्माला लागेल ते सगळं हाताशी होतं: तत्त्वज्ञान, पैसा, कलावंत, आणि विरोध करणाऱ्यांसाठी गिलोटीन. बरोबर 50 दिवसांनी, 28 जुलैला, त्याच गिलोटीनखाली रोबेस्पिएरचं डोकं गेलं आणि त्याचा देवही व्यवहारात तिथेच संपला.

आता दुसरं टोक. दक्षिण प्रशांत महासागरात तान्ना नावाचं बेट आहे, आजच्या व्हानुआतू देशात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे ब्रिटिश आणि फ्रेंच यांचा जोडकारभार होता, आणि लोकांच्या रोजच्या जगण्यावर प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचा वचक. कावा हे झिंग आणणारं पारंपरिक पेय पिणं आणि रात्री जमून नाचणं, या दोन्हींवर मिशनची वक्रदृष्टी. 1930 च्या दशकाच्या शेवटी कुजबुज सुरू झाली की जॉन फ्रम नावाचा कुणी रात्री येतो आणि सांगतो: कावा प्या, नाचा, आपल्या जुन्या रीतीकडे परत या, गोऱ्यांचा पैसा टाकून द्या. 1941 मध्ये लोकांनी साठवलेला पैसा उधळून टाकला आणि मिशनची चर्चं ओस पडली. सरकारने म्होरक्यांना तुरुंगात टाकलं, बेटाबाहेर हद्दपार केलं. पुढे महायुद्धात अमेरिकी सैन्य त्या द्वीपसमूहात उतरलं, तान्नाचे पुरुष तिथे मजुरीला गेले, आणि त्यांनी जे पाहिलं ते जॉन फ्रमच्या गोष्टीत मिसळत गेलं. आजही 15 फेब्रुवारीला तिथे अमेरिकी झेंडा चढतो, छातीवर लाल रंगाने अक्षरं रंगवून आणि खांद्यावर बांबूच्या बंदुका टाकून पुरुष कवायत करतात.

अमेरिकेतून माल घेऊन येणाऱ्या देवाची गोष्ट म्हणून पाहुण्यांना ही हकीकत सांगितली जाते, ऐकणारे हसतात. क्रम नीट पाहा, मग हसू येत नाही. विमानं आणि जहाजं नंतर आली. आधी आली ती आज्ञा, आणि ती होती पुन्हा एकत्र जमण्याची. काय मानायचं हे पुढची वीस वर्षं ठरत राहिलं आणि बदलतही राहिलं. पॅरिसमध्ये काय मानायचं हे ठरावात आधी छापलं गेलं आणि मग लोकांना जमायला सांगितलं. एका ठिकाणी सत्ता पाठीशी होती, दुसऱ्या ठिकाणी मानगुटीवर. जे टिकलं ते दुसरं.

तेव्हा 'समाजातून आला' याचा अर्थ 'कुणीतरी रचला' असा घेऊ नका. भाषा समाजातून आली म्हणताना आपण भाषा रचणाऱ्याचं नाव विचारत नाही, तसंच हे.

मराठी वाचकाची इथे आणखी एक अडचण होते. आपला 'धर्म' हा शब्द फार ऐसपैस आहे. शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म, अगदी 'वाहणं हा पाण्याचा धर्म' इथपर्यंत. शेजारधर्म समाजातून आला हे सांगायला समाजशास्त्रज्ञ कशाला हवा? या उत्तरात मी धर्म म्हणते तेव्हा त्यातला एक तुकडाच घेते: काही गोष्टी वेगळ्या काढून पवित्र मानणं, त्यांच्याभोवती विधी करणं, आणि त्या विधींनी माणसांचा एक गट बांधला जाणं. ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची आहे. तुमच्या पुस्तकातलं ते वाक्यही त्याच्याच घरचं.

द्यूरकेम रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा. स्वतः श्रद्धावान राहिला नाही, पण धर्म म्हणजे निव्वळ भ्रम असं त्याने कधी म्हटलं नाही. हजारो वर्षं माणसं ज्याला धरून जगली ते मुळात पोकळच असेल, हे त्याला पटेना. त्याच्या आधी ब्रिटनमध्ये मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने 1871 साली मांडलं होतं की स्वप्नं आणि मृत्यू यांचा अर्थ लावताना आदिमानवाला आत्मा सुचला, आत्म्यातून भुतंखेतं आणि मग देव. म्हणजे धर्म ही एकट्या माणसाने विचार करताना केलेली चूक. द्यूरकेमने प्रश्नच फिरवला. माणूस देवापुढे उभा राहतो तेव्हा त्याला जे जाणवतं, म्हणजे आपल्याहून मोठं, आपल्या आधी असलेलं, आपल्यानंतर उरणारं, आपल्याला धाक घालणारं आणि बळही देणारं असं काहीतरी, ते खरोखर कुठे अस्तित्वात आहे का? आहे, तो म्हणाला. ते म्हणजे त्याचा समाज.

1912 साली त्याने हे मांडलं, ते मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांच्या वर्णनांवरून. तो स्वतः तिथे कधी गेला नाही. वर्णनं बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलन यांची. स्पेन्सर मेलबर्नचा जीवशास्त्राचा प्राध्यापक, तर गिलन अॅलिस स्प्रिंग्जच्या तारघराचा प्रमुख. (मला या जोडीत गिलन जास्त आवडतो. लोकांशी त्याची वर्षानुवर्षांची ऊठबस होती.)

त्यातली एकच वस्तू जवळून पाहू. चुरिंगा म्हणजे दगडाची किंवा लाकडाची लांबट, गुळगुळीत फळी. तिच्यावर रेषा आणि वर्तुळं कोरलेली. ती गुहेत किंवा खडकाच्या कपारीत जपून ठेवतात. दीक्षा न झालेल्यांनी आणि बायकांनी ती पाहायची नाही. त्या जागेच्या आसपास आरडाओरडा, भांडण चालत नाही. जखमी जनावर तिथे घुसलं तर त्याला मारायचं नाही, जीव वाचवायला आलेल्या माणसालाही हात लावायचा नाही. आणि एवढा दरारा असलेली ही वस्तू आहे काय? तिथेच पडलेल्या दुसऱ्या दगडासारखा दगड. फरक एवढाच की तिच्यावर कुळाची खूण कोरली आहे. द्यूरकेमने बोट ठेवलं ते इथे: पवित्रपणा दगडात नाही, खुणेत आहे, आणि खूण तर गटाची आहे. त्या खुणेला इंग्रजी ग्रंथांमधून टोटेम हा शब्द रूढ झाला, मराठीतला 'देवक' त्याच्या बराच जवळ जातो.

एक कूळ विचेटी नावाच्या अळीचं. लाकडात राहणारी, जाड, पांढरी, खायची अळी. ती भरपूर व्हावी म्हणून त्या कुळाचे पुरुष उपाशीपोटी रांगेने ठरलेल्या खडकांपाशी जात, अळीची आणि तिच्या अंड्यांची म्हणून मानलेल्या दगडांवर टकटक करत, गाणी म्हणत. म्होरक्या एकेकाच्या पोटावर दगड घासून सांगे, 'तू भरपूर खाल्लं आहेस.' परतल्यावर कोषासारख्या लांबट झोपडीत शिरून सगळे गात, आणि अळी कोषातून बाहेर यावी तसे सरपटत बाहेर येत. नंतर अळ्या खरंच आल्या की या कुळाने त्या नावापुरत्या चाखायच्या. पोटभर खायच्या त्या इतरांनी. म्हणजे उपास यांचा, विधी यांचा, आणि अन्न दुसऱ्यांचं. एकेकट्याच्या भीतीतून असली व्यवस्था निघत नाही.

द्यूरकेमचा कळीचा मुद्दा असा, की हे लोक वर्षातला बराच काळ लहान टोळ्यांमध्ये पांगून अन्न शोधत असतात. तेव्हाचं आयुष्य संथ, एकसुरी. मग कधीतरी सगळे एकत्र येतात. रात्र, मशाली, गाणं, नाच. अंगात वारं शिरल्यासारखं होतं. माणसाला वाटतं की आपल्यात आपल्याखेरीज कुणीतरी शिरलंय, आणि समोर दिसत असते ती कुळाची खूण. गर्दीतून आलेली ती ताकद तो त्या खुणेच्या खाती जमा करतो. देव असा आकाराला येतो, असं द्यूरकेमचं म्हणणं.

हे मी वर्गात एका साध्या प्रयोगाने शिकवते. प्रत्येकाने कागदाचा तुकडा फाडायचा, त्यावर आपल्या आईचं नाव लिहायचं, तो जमिनीवर ठेवायचा. मग मी म्हणते, आता त्यावर पाय द्या. आजवर वर्गाच्या वर्ग थबकलेले पाहिले आहेत. क्षणापूर्वीचा चिटोरा, त्यावर शाईच्या चार रेघा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण माझी आई म्हणजे समाज नाही. आणि तिच्यासाठी मी कुठल्या घोळक्यात नाचलेही नाही." वर्ग हसला. मी मात्र त्या दिवसापासून द्यूरकेम थोडा वेगळा शिकवू लागले, कारण त्या मुलीने त्याच्या सिद्धांताचा दुखरा सांधा नेमका दाबला होता.

गर्दीने ताकद येते खरी, पण कुठल्याही गर्दीने नाही. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचं छोटं गाव आहे, तिथे जूनमध्ये सान हुआनच्या उत्सवात लोक पाठीवर कुणाला तरी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांच्या एका गटाने चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या छातीला ठोके मोजणारी यंत्रं बांधली. 2011 साली निष्कर्ष छापले गेले: चालणाऱ्याच्या आणि त्याच्या नातलग किंवा मित्र असलेल्या प्रेक्षकांच्या हृदयाच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांशी जुळत होती. नातलग जागेवर नुसते उभे होते, तरीही. त्याच जागी उभ्या असलेल्या परक्या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र तसं काही झालं नाही. विस्तव तोच, आवाज तेच, रात्र तीच. म्हणजे आधीपासूनचं नातं लागतं; विधी ते तापवतो, शून्यातून काढत नाही. मागच्या बाकावरची मुलगी बरोबर होती.

मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डनेही द्यूरकेमला साधारण इथेच पकडलं. त्याचा आक्षेप असा: उसळलेल्या जमावातून विधी जन्मतो म्हणता, पण त्या लोकांना उसळवतं कोण? विधीच ना? दुसरा आक्षेप ऑस्ट्रेलियाच्या तपशिलांचा. एका कुळाची माणसं रोज एकत्र राहत नाहीत. रोजच्या जगण्याचा गट म्हणजे टोळी, आणि तिच्यात अनेक कुळांची माणसं असतात. गटच देव होत असेल, तर टोळीचा का नाही झाला? दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. द्यूरकेमचं 'उगम' हे प्रकरण त्याने मोडतं. पवित्रपणा गटाच्या खुणेला चिकटतो आणि विधीने ताजा होत राहतो, हे मात्र उरतं. परीक्षेत लिहिताना हे दोन वेगळे ठेवा. बहुतेक उत्तरपत्रिकांत ते एकमेकांत कालवलेले असतात.

भीतीचं काय? भीतीला मी हद्दपार करत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिलेल्या मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पाहिलं की आतल्या उथळ, शांत पाण्यात मासे धरायला लोक कसलाही मंत्रतंत्र वापरत नाहीत, पण खुल्या समुद्रात निघताना भरपूर विधी करतात. धोका वाढला की विधी वाढतो, हे पटण्यासारखं आहे. पण ते मंत्र कुणाचे असतात? ते वारशाने मिळतात, त्यांच्यावर मालकी असते, ते शिकावे लागतात. भीती एकट्याची असेल, तिच्यावरचा उतारा एकट्याचा नसतो.

आजच्या दक्षिण सुदान देशातल्या अझांदे लोकांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांची धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी असतात, दुपारी सावलीला लोक खाली बसतात. एखादे दिवशी कोठार कोसळतं आणि खालची माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरला होता हे अझांदेंना ठाऊक असतं, वाळवी काय असते ते त्यांना सांगायला जाऊ नये. त्यांचा प्रश्न वेगळा: ते याच वेळी आणि याच माणसांवर का पडलं? उत्तर चेटूक. चेटूक म्हणजे तरी काय, तर कुणाच्या तरी मनातला डूख. मग कोंबडीच्या पिल्लाला विशिष्ट विष पाजून एकेक संशयित नाव घ्यायचं. पिल्लू मरतं की जगतं यावर कौल. वाळवीपासून सुरू झालेली चौकशी शेवटी कुठे पोहोचली पाहा: कुणाचं कुणाशी वाकडं आहे, इथे. अपघाताचा अर्थ नात्यांमध्ये शोधला जातो.

सत्तेचा भाग थोडक्यात. मार्क्सचं 'धर्म ही लोकांची अफू' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीच्याच वाक्यात त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा म्हटलं आहे, ते कुणाला आठवत नाही. हा उसासा सत्तेला घाबरवूही शकतो. 1889 मध्ये नेवाडातल्या पायूट जमातीच्या वोवोकाने सांगितलं की वर्तुळ करून नाचा, मेलेले आप्त परत येतील. नाच लकोटा या दुसऱ्या जमातीपर्यंत पोहोचला, अमेरिकी सरकार धास्तावलं, आणि 29 डिसेंबर 1890 ला वूंडेड नी इथे सैन्याने बायकामुलांसह शेकडोंना मारलं. मानण्याबद्दल सरकारला सोयरसुतक नव्हतं. जमण्याची भीती होती.

समाजाची घडण बदलली की देवही बदलतात का? 1960 साली गाय स्वॉन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 50 समाज तपासून दाखवलं की जिथे एकावर एक अशा तीन किंवा जास्त निर्णय घेणाऱ्या पातळ्या असतात, म्हणजे कुटुंब, गाव, त्यावर सरदार अशा, तिथे सगळ्यांच्या वरचा एक थोर देव असण्याची शक्यता बरीच वाढते. कल्पना देखणी आहे. पण या वाटेवर जपून. 2019 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मोठ्या ऐतिहासिक माहितीसाठ्यावर आधारलेला लेख आला: आधी समाज मोठे झाले, मग पापपुण्य पाहणारे देव आले. गाजला. 2021 मध्ये तो मागे घ्यावा लागला. ज्या काळाबद्दल काहीच माहिती नाही तिथे 'असे देव नव्हते' अशी नोंद करून हिशेब केला होता, हे टीकाकारांनी दाखवून दिलं. लिखाण नाही म्हणून देव नाही, असं होत नाही. संगणकावर आकडे मोठे दिसले की माणूस हेच विसरतो.

आता 'पहिला धर्म कोणता'. या प्रश्नाला नावानिशी उत्तर नाही, कारण मानणं जमिनीत उरत नाही. उरतात ती माणसांनी मिळून केलेली कामं. इस्रायलमधल्या काफझे गुहेत सुमारे 90 हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत, सोबत लाल गेरू. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात गोबेकली टेपे इथे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे टी आकाराचे, काही पाच मीटरहून उंच, दगडी खांब वर्तुळांत उभे आहेत, त्यांवर कोल्हे, साप, पक्षी कोरलेले. उत्खनन करणारे क्लाउस श्मिट म्हणत की आधी मंदिर आलं, शेती आणि वस्ती मागाहून. नंतर तिथे राहत्या घरांसारखे अवशेष सापडले, त्यामुळे ते विधान आता तितक्या ठासून करता येत नाही. शेती नसलेल्या लोकांनी ते खांब उभे केले, एवढं मात्र पक्कं.

आणि मला सगळ्यांत जवळची वाटते ती मॉस्कोच्या पूर्वेला सुंगीर इथली कबर, सुमारे 34 हजार वर्षांपूर्वीची. दोन मुलं, डोक्याला डोकं लावून निजवलेली. अंगावर गेरू, बाजूला मॅमथ या आता नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या सुळ्यांचे सरळ केलेले भाले, आणि दोघांच्या मिळून कपड्यांवर 10 हजारांहून जास्त हस्तिदंती मणी. एक मणी कापून, घासून, भोक पाडायला तासभर धरला, तरी दहा हजार तास होतात. मुलं लहान होती, एवढा मान मिळावा असं काही करण्याइतकं आयुष्य त्यांना मिळालंच नव्हतं. मृत्यूनंतर ती कुठे जाणार असं त्या लोकांना वाटत होतं, हे मण्यांवरून वाचता येत नाही. पण हे एका आईबापाचं काम नव्हे, मणी घासायला पुष्कळ जण बसले होते, हे मोजून सांगता येतं.